नयकुंडच्या भट्टीपासून लोणारच्या काचेपर्यंत: प्रगत पदार्थांच्या परिषदेचा इतिहास, विदर्भाच्या वाटेवर

इंडियन सायन्स काँग्रेस नागपुरात पहिल्यांदा भरली ती १९२० साली. अध्यक्ष होते प्रफुल्लचंद्र राय. त्या काळी परिषदेची मांडणी विषयवार असे: रसायनाचा विभाग वेगळा, भूगर्भशास्त्राचा वेगळा, भौतिकीचा वेगळा. लोखंडाच्या एकाच ढेकळाबद्दल तिघांना काही सांगायचं असलं तर तिघं तीन ठिकाणी बसून सांगत. प्रगत पदार्थांच्या परिषदांनी ही रीत मोडली. विषय बाजूला ठेवून पदार्थ मध्ये ठेवला आणि त्याच्याभोवती सगळ्यांना बसवलं. आज ‘आयसीएएम’ या नावानं देशोदेशी भरणारी आंतरराष्ट्रीय परिषद याच घराण्यातली.

हे का करावं लागलं, ते परिषदांच्या यादीवरून कळत नाही. खनिज, भट्टी आणि कीट (लोखंड गाळताना वितळून वेगळा निघणारा मळ) डोळ्यांसमोर असलं की लगेच कळतं, आणि त्यासाठी विदर्भाच्या खेड्यापाड्यांइतका भरलेला मुलूख शोधून सापडायचा नाही. पुढचा मार्ग पदार्थविज्ञान शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. मे महिन्यात खाणीच्या उघड्या खड्ड्यात उभं राहणं धोक्याचं आहे. सोबत एक जोरकस चुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी पात्याचा चाकू आणि छोटा वजनकाटा हवा. खाणी आणि कारखाने पाहायचे तर लेखी परवानगी आधी काढावी. दारात जाऊन विनवण्या केल्या तर आत कोणी सोडत नाही, आणि सोडूही नये.

पहिला दिवस: नागपूर, नयकुंड, मनसर

पारशिवनी तालुक्यातलं नयकुंड हे पेंच नदीकाठचं गाव. इथे महापाषाणकालीन शिळावर्तुळं आहेत आणि शेजारी त्याच लोकांची वस्ती होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात वस्तीच्या जागेवर लोखंड गाळायची भट्टी निघाली, सुमारे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. वक्र आकाराच्या मातीच्या विटांनी बांधलेली, आतला व्यास सुमारे ३० सेंटिमीटर. सोबत भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि कीट. तिचा रासायनिक अभ्यास डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी केला.

एवढ्याशा भट्टीत लोखंड वितळत नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. हातभात्यावर मिळतात ११०० ते १२००. मग काम कसं होतं? कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड घनरूपातच मोकळं होतं. खनिजातली वाळू मात्र लोखंडाच्या ऑक्साइडशी मिळून फायलाइट नावाचं सिलिकेट बनवते. ते १२०० अंशांच्या आसपास पातळ होऊन खाली निथळतं. तेच कीट. वर उरतो तो भोकाभोकांचा लोखंडी गोळा. तो तापवून ठोकत राहायचं, म्हणजे आत अडकलेलं कीट बाहेर पडतं. या रीतीचा मोठा तोटा असा की बरंच लोखंड कीटातच निघून जातं. कीट वितळतं ते त्यातल्या लोखंडामुळेच, त्यामुळे हा तोटा टाळता येत नाही.

कीट आणि साधा काळा दगड यांत नवखा माणूस हमखास फसतो. ओळखायची रीत सोपी आहे. कीटाच्या पाठीवर दोरखंडासारख्या वळ्या दिसतात, म्हणजे पातळ असताना वाहिल्याची खूण. तुटल्या बाजूला वायूच्या बुडबुड्यांची गोल भोकं असतात. हातात घेतलं तर आकाराच्या मानानं जड लागतं. चुंबक जोरात चिकटला तर आत धातूचे कण किंवा मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढलं जाणारं लोहाचं ऑक्साइड) आहे असं समजावं. जेमतेम ओढला गेला तर ते निव्वळ फायलाइटी कीट. शेताच्या बांधावरचा एखादा तुकडा भिंगाखाली बघून पुन्हा होता तिथेच ठेवावा. एकदा जागेवरून हलला की पुरातत्त्वाच्या दृष्टीनं त्याची किंमत शून्य.

या एका तुकड्याला किती जणांनी वाचावं लागतं ते बघा. काळ सांगायला पुरातत्त्वज्ञ हवा, घटक सांगायला रसायनज्ञ, किती अंशांवर वाहिलं ते सांगायला धातुशास्त्रज्ञ आणि खनिज कुठल्या टेकडीचं ते सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ. अमेरिकेत नेमकी हीच अडचण १९५० च्या दशकात रॉकेट आणि ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांना आली. १९५७ मध्ये स्पुटनिक वर गेल्यानंतर तिथल्या सरकारनं पैसा ओतला आणि १९६० मध्ये कॉर्नेल, पेन्सिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत आंतरविद्याशाखीय पदार्थ प्रयोगशाळा उभ्या केल्या. एकाच छपराखाली भौतिकी, रसायन आणि धातुशास्त्र. प्रयोगशाळा एक झाली, पण या लोकांनी आपलं काम वाचायचं कुठे? प्रत्येकाची परिषद अजून जुन्याच खात्याची होती. त्या गरजेतून पुढची परिषद जन्मली.

संध्याकाळी मनसर. पुरातत्त्वाच्या टेकडीसाठी गाव प्रसिद्ध आहे, पण पदार्थवाल्यांनी इथल्या मँगनीजकडे बघावं. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या पट्ट्यात मँगनीजचं खोदकाम सुरू झालं आणि नागपूर-भंडारा-बालाघाटच्या या खनिजावर भूवैज्ञानिक लुई फर्मरनं १९०९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. मुक्काम रामटेकला सोयीचा.

दुसरा दिवस: तुमसर, डोंगरी बुजुर्ग

रामटेकहून तुमसरकडे जाताना धानाची शेतं सुरू होतात आणि मातीचा रंग बदलत जातो. तुमसर तालुक्यातली डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, मॉइल या सरकारी कंपनीची. हेल्मेट, सुरक्षा बूट आणि रंगीत जाकीट घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. सुरुंगाची वेळ आधी विचारून घ्यावी, त्या वेळी सगळ्यांना बाहेर थांबवतात.

खड्ड्याच्या पायऱ्यांवर दोन तऱ्हेचं खनिज दिसतं. एक कठीण, राखाडी चमकेचं, ब्राउनाइटचं. ते फेरो-मँगनीजच्या, म्हणजे लोखंड-मँगनीजच्या मिश्रधातूच्या, भट्ट्यांकडे जातं. दुसरं काळं, मऊ, बोटांना काजळासारखं लागणारं. ते मँगनीज डायऑक्साइडचं, म्हणजे पायरोलुसाइट. हा काळेपणा कपड्यांतून जाता जात नाही, जुने कपडे घालून यावं.

इथे या मार्गावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. कोरड्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड भरतात. खाणीत मँगनीज डायऑक्साइड निघतं. तरीही शेजारीच त्याच पदार्थाचा कारखाना आहे, जिथे मँगनीज विरघळवून विजेनं पुन्हा मँगनीज डायऑक्साइडच बनवतात. का?

कारण घटक एक असले तरी अणूंची रचना एक नाही. पायरोलुसाइट म्हणजे बीटा रूप. त्यातले बोगदे इतके अरुंद की सेल चालू असताना प्रोटॉनला आत शिरायला वाट मिळत नाही. विजेवर बनवलेलं ते गॅमा रूप. त्यात अरुंद आणि रुंद बोगदे बेशिस्तपणे मिसळलेले असतात, आणि त्या बेशिस्तीमुळेच प्रोटॉन सहज आत जातो. अल्कलाइन सेलला हेच रूप लागतं. काही ठिकाणच्या नैसर्गिक खनिजातही सक्रिय रूप असतं आणि ते स्वस्त सेलमध्ये चालतं, पण जास्त विजेच्या कामाला कमी पडतं.

बनवायची रीत अशी. मँगनीज डायऑक्साइड गंधकाम्लात विरघळत नाही, म्हणून खनिज आधी कोळशासोबत हवाबंद तापवून मोनॉक्साइड रूपात आणतात. ते आम्लात विरघळून मँगनीज सल्फेटचं फिकट गुलाबी पाणी तयार होतं. मग आम्लता कमी करून लोह गाळासारखं खाली बसवतात, आणि सल्फाइड घालून निकेल, कोबाल्ट, तांबं काढतात. ही पायरी घाईत उरकली तर पुढे सगळं वाया जातं: हे धातू राहिले की सेलमधल्या जस्तावर हायड्रोजन सुटतो, सेल फुगतो आणि गळतो. शेवटी ९० ते ९८ अंशांच्या टाकीत टायटॅनियमच्या धनपट्ट्यांवर काळा थर चढवतात. टाकीचं तापमान उतरलं, किंवा वीज ठरल्यापेक्षा जास्त रेटली, तर टायटॅनियमवरच ऑक्साइडची अवरोधक कातडी धरते, विजेचा दाब वाढत जातो आणि पट्टी निकामी होते. कित्येक दिवसांनी थर पुरेसा जाड झाला की ठोकून काढायचा, दळायचा, धुवायचा आणि अडकलेलं आम्ल उदासीन करायचं.

एकच पदार्थ, दोन रूपं, आणि किंमत ठरते ती रूपावर. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात मटेरियल्स रिसर्च सोसायटीची पहिली बैठक भरली तिचा विषयही अवस्थांतर हाच होता, म्हणजे पदार्थ एका रूपातून दुसऱ्या रूपात कसा जातो. हा विषय भौतिकीवाल्यांना लागतो, सिरॅमिकवाल्यांना लागतो, पोलादवाल्यांनाही लागतो. पहिल्या परिषदेला याहून योग्य विषय निवडता आला नसता असं आमचं ठाम मत आहे. ही संस्था उभी करणाऱ्यांत रुस्तम रॉय पुढे होते. जन्म १९२४ चा, रांचीचा. द्रावणापासून जेल आणि जेलपासून सिरॅमिक बनवण्याच्या सोल-जेल पद्धतीचा पाया घालणाऱ्यांतही त्यांचं नाव आहे.

या सोसायटीनं परिषदेचा ढाचाच वेगळा ठेवला. कायमचे विभाग नाहीत. दर वर्षी काही संशोधक मिळून एखादा चर्चासत्राचा विषय सुचवतात, तो मान्य झाला की तेच वक्ते बोलावतात आणि तेच निबंधांचं पुस्तक काढतात. पुढच्या वर्षी तो विषय शिळा झाला असेल तर नाही घ्यायचा. एकाच वेळी अनेक दालनांत वेगवेगळी सत्रं चालतात. धातूवाला उठून काचवाल्यांच्या सत्रात जाऊन बसू शकतो. पुढे बॉस्टनची हिवाळी बैठक हे तिचं ठरलेलं ठिकाण झालं.

तिसरा दिवस: भंडारा, आंधळगाव, पोहरा

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. आज कारागीर कमी राहिलेत, पण ओतकाम बघायला मिळतं. तांबं १०८५ अंशांवर वितळतं आणि जस्त ९०७ अंशांवर उकळतं, सगळी अडचण या दोन आकड्यांत आहे. वितळलेल्या तांब्यात जस्त टाकलं की ते वाफ होऊन निघायला बघतं. “जस्त शेवटी टाकाव लागते जी, आधी टाकलं त धुरातच जाते,” ही इथल्या कारागिराची एका ओळीतली रीत. मुशीत तांबं वितळवून वर कोळशाच्या भुग्याचा थर ठेवतात, मग जस्ताचा तुकडा चिमट्यानं तळाशी दाबून धरतात. तरी थोडं जळतंच. म्हणून हिशेबापेक्षा जस्त जरा जास्त घेतात. पांढरा धूर उठतो तो जस्त ऑक्साइडचा. बंद खोलीत तो श्वासात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ओतकाम उघड्यावर किंवा धुराडं चालू ठेवूनच करावं.

पत्रा ठोकून भांडं करायचं तर ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. गरम घडण करायची तर ६० आणि ४०. सत्तर-तीसचं पितळ थंड अवस्थेत कितीही ठोका, ऐकतं. पण ठोकल्याचा ताण आत राहतो. असं भांडं गुरांच्या गोठ्यात पावसाळाभर ठेवलं तर एक दिवस आपोआप उभी चीर पडलेली दिसते. इंग्रजी फौजेनं हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. हिंदुस्थानात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी कवचं पावसाळ्यात चिरत, आणि कारण कळेना. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते नक्की केलं: लिदीमुतातला अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेतला उरलेला ताण, तिन्ही एकत्र आले तरच चीर पडते. यांतलं एक काढलं की पुरे. उपाय अगदी स्वस्त निघाला: घडण झाल्यावर पितळ २५० ते ३०० अंशांना थोडा वेळ शेकायचं. ताण जातो, कठीणपणा राहतो. निव्वळ रसायनज्ञाला किंवा निव्वळ यंत्रज्ञाला हे एकट्यानं सापडलं नसतं.

आंधळगावच्या टसरवर फार वेळ घालवता आला नाही, पण वगळूही नये. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढलेला हा कोष तुतीच्या रेशमापेक्षा दगडासारखा कडक असतो, म्हणून नुसत्या गरम पाण्यानं सुटत नाही. सोड्यात उकळावा लागतो. सोडा जास्त झाला तर धागाच झिजतो. जैवपदार्थांच्या सत्रांत टसरला आता मान आहे. त्याच्या प्रथिनात पेशींना धरून ठेवणारी तीन अमिनो आम्लांची साखळी निसर्गतःच असते, तुतीच्या रेशमात ती नाही.

दुपारी लाखनीजवळचा पोहरा परिसर. भंडारा जिल्हा कायनाइट आणि सिलिमनाइट या उष्णतारोधक खनिजांसाठी ओळखला जातो. कायनाइटच्या निळसर, पातीसारख्या स्फटिकाची एक गंमत प्रत्येकानं स्वतः करून बघावी. चाकूचं टोक लांबीच्या दिशेनं ओढा, ओरखडा उठतो. तोच चाकू आडवा ओढा, काही होत नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या दहाच्या मोजपट्टीवर लांबीला साधारण ५, आडवा ७. आणि पोलाद मध्ये बसतं. सिलिमनाइट तंतुमय असतं आणि वजनाला हलकं: घनता सुमारे ३.२, कायनाइटची ३.६.

घटक मात्र दोघांचे हुबेहूब एक. तिसरा भाऊ अँडालुसाइट, तोही तोच. कमी दाबात अँडालुसाइट, जास्त दाबात कायनाइट आणि जास्त तापात सिलिमनाइट. तिघंही भट्टीत पुरेसे तापले की म्युलाइट आणि सिलिका होतात, आणि म्युलाइट पोलादाच्या भट्टीच्या आतल्या अस्तराला लागतं. पण रूप बदलताना कायनाइटचं आकारमान १६ ते १८ टक्के वाढतं, सिलिमनाइटचं सुमारे ७, अँडालुसाइटचं सुमारे ४. कच्च्या कायनाइटचे जाड दाणे घालून वीट भाजली तर ती भट्टीतच फुगून तडकते. म्हणून कायनाइट आधी १४०० अंशांच्या वर भाजून म्युलाइट करून घेतात आणि मग दळून विटेत घालतात. उलट, बारीक दळलेलं कच्चं कायनाइट मुद्दाम थोडं मिसळायचीही रीत आहे. चिकणमाती भाजताना आकसते, कायनाइट फुगतं, आणि वीट मापात राहते.

मातीची वस्तू भट्टीत कशी तापवली आणि कशी निववली यावर तिचे गुण ठरतात, हे परिषदेच्या इतिहासात सर्वांत गाजलं १९८६ च्या डिसेंबरात. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेतल्या बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये अतिवाहकता, म्हणजे जराही रोध न होता वीज वाहणं, सापडल्याचं लिहिलं होतं, पण फार थोड्यांचा विश्वास बसला. बॉस्टनच्या बैठकीत टोकियो विद्यापीठाच्या कोइची किताझावा यांनी आपल्याकडेही ते खरं ठरल्याचं सांगितलं आणि हवा पालटली. काही आठवड्यांत इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड आलं, ९० केल्विनच्या वर अतिवाहक, म्हणजे ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजननं भागणारं. हेच ऑक्साइड भट्टीतून घाईनं निववलं तर ऑक्सिजन कमी पडून ते चक्क रोधक होतं. ४०० ते ५०० अंशांवर ऑक्सिजनच्या झोतात सावकाश निववावं लागतं. कुंभाराला भट्टी केव्हा उघडायची ते जसं ठाऊक असतं, तसंच ज्ञान इथे नोबेलच्या पंगतीला बसलं. बेडनॉर्झ-म्युलरना ते १९८७ मध्येच मिळालं. १९८८ च्या मे-जूनमध्ये टोकियोत प्रगत पदार्थांवर मोठी आंतरराष्ट्रीय बैठक भरली ती याच भरात.

चौथा दिवस: पवनी, चिमूर, वरोरा

पवनी-भिवापूर-चिमूर मार्गे वरोरा. रस्ता जंगलाकडेनं जातो, अंधारात जाऊ नये.

वरोरा आज आनंदवनासाठी सर्वांना माहीत आहे. पण १८७० च्या दशकात इथे कोळशाची सरकारी खाण होती, आणि त्याच चांदा जिल्ह्यात सिंदेवाहीकडे लोहाऱ्याची टेकडी होती, साठ टक्क्यांहून जास्त लोखंड असलेल्या खनिजाची. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून नागपुरात चालू होती. १८८२ मध्ये फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्याच्या लोखंडाबद्दलचा अहवाल त्यांच्या हाती पडला. खनिज इथे, कोळसा इथे, रेल्वे इथे. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला पाठवला. उत्तर आलं: लोखंडाच्या भट्टीला निरुपयोगी.

या उत्तराचं कारण नीट समजून घ्यायला हवं. उंच झोतभट्टीत कोक (हवाबंद तापवून घट्ट केलेला कोळसा) फक्त जळण नसतो. वरच्या शेकडो टन खनिजाचा भार तोच पेलतो आणि तुकड्यांच्या फटींतून वायूला वर जायला वाट ठेवतो. काही कोळसे तापवल्यावर आधी मऊ होतात, मग फुगून घट्ट सच्छिद्र कोक बनतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा मऊ होतच नाही. तापला की नुसता भुगा. भुग्यानं फटी बुजतात आणि भट्टी गुदमरते. नयकुंडला हा प्रश्नच नव्हता. फूटभर व्यासाच्या ठेंगण्या भट्टीत भार किती असणार? तिथे लाकडी कोळसाही पुरला. लोखंड आणि कोळसा नकाशावर जवळ असणं हे भूगर्भशास्त्र झालं. तो कोळसा भार पेलेल का, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न. १८८२ साली दोन्ही गोष्टी एका टेबलावर मांडणारी जागा नव्हती.

पुढची गोष्ट नागपूरच्या अजब बंगल्यातली. १९०४ मध्ये जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा आणि भूवैज्ञानिक वेल्ड यांनी चांद्याचा शोध सोडायचं ठरवलं. ते सांगायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले, अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोसांच्या पाहणीवर आधारलेला नकाशा होता आणि दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची गडद खूण. त्यातून धल्ली-राजहराचे डोंगर उजेडात आले. कारखाना अखेर साकचीला (आजच्या जमशेदपूरला) निघाला, पण राजहराच्या खनिजावर पुढे भिलाई उभं राहिलं.

आणि वरोऱ्याचा तो नाकारलेला कोळसा? त्याच जातीच्या कोळशावर आज चंद्रपूर भागात स्पंज आयर्नच्या, म्हणजे सच्छिद्र लोखंडाच्या, भट्ट्या चालतात. आडवी, किंचित उतरती, सावकाश फिरणारी पोलादी नळी. आत विटांचं अस्तर. एका तोंडानं खनिज, कोळसा आणि थोडा डोलोमाइट; १००० ते १०५० अंश. भार पेलायचाच नसल्यामुळे कोक लागत नाही. लोखंड इथेही वितळत नाही, घनरूपातच मोकळं होतं, नयकुंडसारखंच. डोलोमाइट कोळशातला गंधक धरतो. तापमान थोडं वर सरकलं, किंवा कोळशाची राख कमी अंशांवर चिकट होणारी निघाली, तर नळीच्या आत राखेचं कडं धरत जातं आणि शेवटी भट्टी थंड करून ते फोडावं लागतं. तयार मालाला पाणी लागू द्यायचं नाही. सच्छिद्र असल्यामुळे ओल लागली की पुन्हा गंजतो, तापतो, ढिगाला आगही लागते. पावसाळ्यात ताडपत्री न टाकलेला ट्रक दिसला तर त्याच्यापासून लांबच राहावं.

लोहाऱ्याची टेकडी जंगलात आहे, वनखात्याला विचारल्याशिवाय तिकडे वळू नये.

या मार्गावर भारताच्या परिषदेची आठवण इथेच काढावी. मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९८९ मध्ये बंगळूरला स्थापन झाली, सी. एन. आर. राव पहिले अध्यक्ष. दर वर्षी वेगळ्या गावात सभा घ्यायची रीत तिनं ठेवली. १९९१ मध्ये देशोदेशींच्या अशा संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि तिच्या नावानं आयसीएएम भरू लागली: १९९३ मध्ये टोकियो, २००३ मध्ये योकोहामा, २००५ मध्ये सिंगापूर. २००७ च्या ऑक्टोबरात ती बंगळूरला आली. नंतर रिओ, चिंगदाओ, क्योटो.

पाचवा दिवस: वर्धा, मेहकर, लोणार

हिंगणघाटमार्गे वर्धा. मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते १९३८ च्या ३० डिसेंबरला उघडलं. रॉकेलऐवजी खाद्यतेलावर जळणारा मगनदीप तिथे बघावा. खेड्यात मिळणाऱ्या पदार्थावरच वस्तूची घडण ठरवायची, हा विचार आज टिकाऊ पदार्थांच्या सत्रांत नव्यानं येतो आहे. तास-दीड तास पुरतो. मग समृद्धी महामार्गानं मेहकरपर्यंत आणि तिथून लोणार.

सहावा दिवस: लोणार

सकाळी काठावरूनच सुरुवात करावी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठाच्या कडांवर बसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचे, थर बाहेरच्या बाजूला उलटे दुमडलेले दिसतात, म्हणजे जो थर खाली असायला हवा तो वर. ज्वालामुखीच्या तोंडाशी असं दिसत नाही. तळ्याचं पाणी खारट आणि सोडायुक्त, त्यात उतरू नये. परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. दगड उचलणं गुन्हा ठरतो. नमुने बघायचेच तर भूगर्भशास्त्राच्या विभागांत तयार पातळ छेद असतात.

तो छेद ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात साध्या बसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज राखाडी-पांढऱ्या पट्ट्यांचं दिसतं आणि काच फिरवली की पट्टे विझतात-उजळतात. लोणारच्या आघात झालेल्या दगडात त्याच आकाराचा, त्याच कडांचा कण सगळीकडून काळाच राहतो. फिरवा, तरी काळा. बाहेरचा साचा स्फटिकाचा आणि आत काच. याला मास्केलिनाइट म्हणतात. वितळल्याशिवाय, नुसत्या धक्क्यानं, ३ लाख वातावरणांच्या आसपास दाबानं अणूंची रांग मोडते तेव्हाच ते बनतं. तळ्याच्या गाळाखाली भोकं पाडून काढलेल्या दगडांत हे सापडलं, आणि फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी ‘सायन्स’मध्ये लोणार हे बसाल्टमधलं आघातविवर असल्याचं मांडलं. साल १९७३, अवस्थांतरावरच्या त्या पहिल्या बैठकीचंच. बसाल्टमधली विवरं पृथ्वीवर मोजकीच असल्यामुळे चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात.

वयाबद्दल मात्र दोन आकडे वाचायला मिळतात. काचेच्या उष्णदीप्तीवरून (तापवल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून) काढलेलं वय सुमारे ५२,००० वर्षं. वितळलेल्या दगडातल्या आर्गॉनवरून २०११ मध्ये काढलेलं सुमारे ५ लाख ७० हजार. उष्णदीप्ती मोजते ती किरणोत्सारानं स्फटिकात आणि काचेत साठत गेलेली ऊर्जा. मधल्या काळात उन्हानं, उष्णतेनं किंवा क्षरणानं ती निसटली तर वय कमी दिसतं. आर्गॉनची पद्धत मोजते पोटॅशियमपासून बनलेला वायू. धक्क्याच्या क्षणी जुन्या बसाल्टमधला आर्गॉन पुरता बाहेर पडला नसेल तर वय जास्त दिसतं. मूळ बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आहे हे ध्यानात ठेवावं. म्हणून आर्गॉनवाले नमुना एकदम न वितळवता टप्प्याटप्प्यानं तापवतात आणि प्रत्येक टप्प्यावर निघालेल्या वायूचं वय वेगळं काढतात. सलग टप्प्यांचं वय एकच आलं तर तो आकडा धरायचा, सुरुवातीला किंवा शेवटी उसळला तर जुना आर्गॉन अडकला आहे असं समजायचं. विद्यार्थ्यांना सोबत आणलं असेल तर काठावर बसून दोन्ही पद्धतींचे आलेख समोर ठेवावेत आणि कोणत्या टप्प्यावर कुठला वायू निसटला असेल ते त्यांनाच शोधू द्यावं.